कोचीच्या बंदरातला शनिवार

ताई, तुझ्या शोकसभेला आलेल्या सात जणांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "निदान क्रूझ तरी झाली त्यांची." मी मोजले. आठव्या बाईंनी त्यात "आणि कोचीपण बघून झालं" अशी भर घातली, तेव्हा मी रिकाम्या कपांचा ट्रे उचलून आत गेले. तिथे थांबले असते तर काहीतरी बोलून बसले असते, आणि त्या तुझ्या शाळेतल्या सर्वांत जुन्या बाई होत्या, त्यांना अजून रिक्षा बघून द्यायची होती.

समोर तुझा फोटो ठेवला होता. तुझ्या निखिलने निवडला. मागे समुद्र आणि ती मोठी चिनी जाळी, पुढे तू, डोक्यावर पांढरी टोपी, तोंड हसल्यासारखं. सगळे म्हणाले, किती प्रसन्न. तोच फोटो आता समई आणि जोडलेले हात लावून फोनवर फिरतोय, रोज एकदा तरी येतो. मला त्याची शिसारी आली आहे. तू हसत नव्हतीस. दाढेत अडकलेला माशाचा काटा जिभेने काढत होतीस. फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. मी तोंड फिरवून उभी होते, कारण मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

ही क्रूझ झाल्याचं समाधान लोक मला देतात आणि मी मान हलवते. त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत, मला माहीत. आता तुझी बाजू सांगायला तू नाहीस, म्हणून मीच दोन्हीकडून लिहिते. "शोभे, मुद्द्यावर ये," असं तू म्हणालीच असतीस. येते.

निखिलने तुझ्या सहासष्टीला ती क्रूझ घेतली. मुंबईहून कोचीला जायचं, एक दिवस बंदरावर उतरायचं, परत यायचं. "मावशी, तू जा सोबत, तुझ्याबरोबर असली की आई हरवणार नाही," असं तो म्हणाला. आमच्या घरी यांना बोट लागते, त्यामुळे माझा प्रश्न सुटला. तुला बोटीचं कौतुक नव्हतं. तुला फक्त कोची हवं होतं. तीस वर्षं तू आठवीच्या मुलींना फळ्यावर खडूने आफ्रिकेला वळसा घालून मसाल्याच्या बंदरात आणत होतीस आणि स्वतः मात्र वारज्याहून शाळा आणि शाळेहून वारजे. "जिथे खडू टेकवायचे, ती जागा बघून येते," एवढंच म्हणालीस.

बोटीबद्दल मी काही चांगलं लिहू शकत नाही. ताटात अकरा गुलाबजाम घेऊन तीन खाणारी आणि आठ चिवडून ठेवणारी माणसं मी पहिल्यांदाच एवढ्या संख्येने पाहिली. लिफ्टच्या जमिनीला चपला चिकटत होत्या. पोहण्याच्या तलावाशी सकाळी दहापासून भेंड्या, तेही माइकवर. न्याहारीच्या वेळी एक गृहस्थ खिशात केळी कोंबत होते आणि बायकोला सांगत होते की अजून दोन केळी घे, वेळेला उपयोगी पडतात. केळीतला ळ इतका स्वच्छ होता की तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालीस, "आपल्याकडचेच. सदाशिव पेठ नाही तर नारायण." मी लाजेने खाली बघितलं. तू त्यांना तिसरं केळं नेऊन दिलंस. मला तुझा हाच स्वभाव सहन होत नसे. ज्याची किळस यावी, त्याच्याशी तू बोलायला जायचीस.

कोचीला बोट शनिवारी सकाळी लागली. उतरायला साडेआठ, परत यायची शेवटची वेळ साडेतीन. माझी यादी तयार होती. चौकटीच्या कागदावर दहा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ, शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण करायला जागा. मी पाच ठिकाणी वाचून ती केली होती. यादी करायला मला तूच शिकवलंस हे मी कुणाला सांगत नाही. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी मी अकरा-बारा वर्षांची होते, रडत बसले होते, आणि तू वही पुढे टाकून म्हणालीस की रडून झालं की आईची औषधं, वेळा आणि दूधवाल्याचे खाडे लिहून काढ. मी लिहून काढले. रडू थांबलं. तेव्हापासून माझं असंच चाललंय. कंपनीच्या स्टोअर्समध्ये तेवीस वर्षं मी त्याच वहीवर काढली. ते ऋण मोठं आहे आणि आजच्या मजकुरात ते मला टोचतंय.

बंदराबाहेर आपण रिक्षा केली. बाबू नावाचा पन्नाशीचा माणूस, हिंदी बऱ्यापैकी. मी यादी त्याच्या हातात दिली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि सगळं होईल म्हणाला. मग आपल्याला सरळ गालिच्याच्या दुकानात नेलं. तिथून मसाल्याच्या, तिथून लाकडी हत्तींच्या. प्रत्येक ठिकाणी थंडगार हवा, फरशीवर अगरबत्तीची राख आणि आपल्या चेहऱ्यावरून आपण काय घेऊ याचा अंदाज बांधणारे डोळे. तिसऱ्या दुकानाशी मी रिक्षातून उतरायला नकार दिला, तेव्हा बाबूने स्वच्छ सांगितलं की गिऱ्हाईक दारात आणलं की त्याला पेट्रोलचं कूपन मिळतं, घ्यायचं काही नाही, नुसतं बसायचं. मी भडकले. तू उतरून आत गेलीस. गालिच्याच्या दुकानातही तू आठ गालिचे उलगडू दिले होतेस आणि त्या काश्मिरी पोराला त्याचं घर, शाळा, आईचं नाव विचारत बसली होतीस. "त्याचं कूपन होतंय, माझे पाय विसावा घेतायत, तुझं काय जातंय?" असा तुझा सवाल होता. माझी पन्नास मिनिटं जात होती. यादीतले पहिले तीन नंबर गेले.

पण खरी फजिती चार नंबरला झाली. चार नंबर म्हणजे ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनामंदिर. चाळीस मिनिटं ठेवली होती मी त्याला, सगळ्यांत जास्त. गल्लीच्या टोकाला पोहोचलो तर दाराला कुलूप. मी बाबूवर ओरडले. तो शांतपणे म्हणाला की शनिवारी ते बंदच असतं, सगळ्यांना माहीत आहे. यादी सकाळीच वाचली होती त्याने, पण मधल्या वाटेवर त्याची दुकानं होती. मी अजून ओरडणार तेवढ्यात मागून तुझं हसू आलं. तू रिक्षाच्या दांडीला धरून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी.

"शोभे, कोकणात शनवार तेली कोणाला म्हणायचे?"

मला माहीत होतं. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्याकडच्या बेने इस्रायलींना. तुझ्याच वर्गात शिकले होते मी ते, पहिल्या बाकावर.

"म्हणजे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"बोटीत यादी दाखवलीस तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या यादीत खाडाखोड? माझी छाती नाही एवढी."

गल्लीतल्या चार दुकानदारांनी आपल्याकडे बघितलं. मला तुझा राग आला, बाबूचा आला, पाच ठिकाणी वाचूनही वार न बघणाऱ्या माझा आला. मी चार नंबरवर फुली मारली. एवढी जोरात की कागद फाटला.

तिथून समुद्राकडे. ज्या जाळ्यांचं चित्र तुझ्या पुस्तकात होतं, ती जाळी. पुस्तकात वास नसतो. किनाऱ्याच्या दगडांत प्लास्टिकच्या पिशव्या, कुजलेली जलपर्णी, एक बूट, फुगून पांढरे पडलेले मासे आणि त्यांच्यावर माजलेली मांजरं. मी नाकाला रुमाल लावला आणि कट्ट्यावर बसायच्या आधी कट्टा पुसला. तू सरळ फळ्यांवरून आत गेलीस. पाच-सहा माणसं दोरी ओढून जाळं वर काढत होती, त्यांनी तुला सरकून जागा दिली आणि तू पदर खोचून दोरी ओढायला लागलीस. गुडघ्याचं दुखणं होतं ना तुझं? भल्यामोठ्या त्या जाळ्यातून दोन पिशव्या, थोडा पाला आणि ओंजळभर मासे निघाले. तू लहान मुलीसारखी मागे वळून ओरडलीस, "हे बघ, एवढंसंच निघतं!"

मग तू त्यातला मासा घेतलास आणि शेजारच्या टपरीवर तळून मागितलास.

आधी मला वाटलं बाबूसाठी. तू ताट स्वतःपुढे ओढलंस तेव्हा मला जे बोलता आलं ते एवढंच की ताई, शनिवार आहे.

"माझा नाही," तू म्हणालीस.

नारायण पेठेतल्या आपल्या घरात अंड्याचं नाव काढलं तर आई तोंड धुवायला लावायची. किती वर्षं चाललंय हे, असं मी विचारलं. अठ्ठावीस, तू म्हणालीस. शाळेतल्या डिसोझाबाईंच्या डब्यापासून. भावजींना माहीत होतं का, तर त्यांना तर तूच शिकवलंस. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही दोघं 'नातेवाइकांकडे' जायचात, ते कॅम्पातल्या एका खानावळीत. भावजी जाऊन आठ वर्षं झाली होती आणि ही गोष्ट मला त्या टपरीवर कळली. तू बोटांनी मासा सोडवत होतीस, काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत होतीस, बोटं चाटत होतीस. मी रुमाल पुन्हा नाकाला लावला. तू ते बघितलंस आणि अगदी वर्गात विचारावं तसं विचारलंस, "तुला नक्की किळस कशाची येते? वासाची, का मेलेल्याची?"

दोन्हीची, मी म्हणाले. आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात टपरीवाल्याने तुझ्या फोनवर फोटो काढला. प्रसन्न फोटो तो हाच.

तुझे हात मी स्वतः पुसून दिले, तीन ओले कागद लागले. मग चर्च. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत एकदम गार, उंच छत, वर दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे. एका बाजूला वास्को द गामाचं थडगं, फरशीत बसवलेला दगड आणि भोवती कठडा. आपल्याच बोटीवरचा एक घोळका आत आला, कठड्याला टेकून त्यांनी स्वतःचे फोटो काढले, इथे आहे का अजून तो आत, असं एकाने विचारलं, नाही म्हटल्यावर मग काय बघायचं म्हणाला, आणि सगळे निघून गेले. मला तेव्हा त्यांचीही किळस आली. मीही घड्याळच बघत होते हे मात्र तेव्हा जाणवलं नाही.

तू कठड्याशी उभी राहिलीस. चौदा वर्षं तो इथे होता, मग त्याची हाडं काढून त्याच्या देशात नेली, असं सांगितलंस. आणि मग मी तुझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणालीस की या माणसाने हजच्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं, आणि तीस वर्षं तू मुलींना फक्त त्याचा मार्ग आणि साल पाठ करायला लावलंस, कारण पुस्तकात तेवढंच होतं. ओकारी येते मला माझीच, असं म्हणालीस. माशाने जे झालं नाही ते तुला त्या दगडाशी झालं. मी म्हणाले की परीक्षेला तेवढंच यायचं, तू काय करणार होतीस. तू कठड्यावर हात ठेवलास.

"असल्या माणसाच्या हाडांना दोन देशांत जागा," तू म्हणालीस. "माझं ठरलंय. मला जाळू नका. देहदान करा."

"ताई, ही काय बोलायची जागा आहे?"

"थडग्याशी नाही तर कुठे बोलायचं? गालिच्याच्या दुकानात?"

"काहीतरीच. शी."

"शी काय त्यात? तीस वर्षं मुली माझ्याकडे बघत बसल्या, लक्ष एकीचं नव्हतं. ती डॉक्टर होणारी पोरं निदान नीट बघतील. चुकीचं शिकवायची सोयच नाही तिथे. जे आहे ते आहे."

माझ्या डोळ्यांसमोर संगमरवरी टेबल आलं, त्यावर तुझी पावलं, आणि मी ते चित्र झटकलं.

"लिही तुझ्या यादीत," तू म्हणालीस.

"ही आजची यादी आहे, ताई."

हे मी बोलले. जसंच्या तसं लिहिते आहे, एक शब्द फिरवलेला नाही. तू माझ्याकडे बघितलंस, एकदाच, आणि चल म्हणालीस. मी सात नंबरपुढे बरोबरची खूण केली. चर्च झालं.

धावतपळत आपण साडेतीनला बोटीवर पोहोचलो. आठ, नऊ, दहा नंबर सोडून दिले होते. बोट त्या दिवशी सहाला सुटली. म्हणजे अडीच तास आपण गंजलेल्या बंदराकडे बघत डेकवर बसून होतो, ते तुला त्या चर्चमध्ये मिळाले असते. मी चिडचिड करत होते. तू मधेच फोन करून येते म्हणून आत गेलीस आणि दहा मिनिटांनी परत आलीस.

पुण्यात आल्यावर तू तो विषय आणखी दोनदा काढलास. एकदा दिवाळीच्या आधी, मी फराळाची यादी सांगत असताना. त्याचा फॉर्म असतो, मी आणते, असं म्हणून मी पुढे बेसन किती घ्यायचं ते विचारलं. दुसऱ्यांदा तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे बाहेर बसलो असताना. तेव्हाही मी आणते म्हणाले. आयुष्यात मी आणते म्हणून सांगितलेली आणि न आणलेली ही एकच वस्तू असेल.

तुला ज्या सकाळी शेजारच्या काकूंनी निपचित पडलेलं बघितलं, त्या सकाळी मी अर्ध्या तासात वारज्यात पोहोचले. निखिलला हिंजवडीहून यायला दीड तास लागला, कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये अडकला होता. तेवढ्या वेळात मी तुझ्या औषधाच्या बिलामागे यादी केली. डॉक्टरांचा दाखला, नातेवाइकांना फोन, गाडी, गुरुजी, दूधवाला, पेपरवाला, गॅस बंद. तो आला तेव्हा बहुतेक सगळ्यांपुढे खुणा झाल्या होत्या. तो तुझ्यापाशी जमिनीवर बसला, बराच वेळ. मग स्वयंपाकघरात आला, पाणी प्यायला आणि ग्लास विसळत म्हणाला, "मावशी, आई तुला कधी काही बोलली होती का? म्हणजे, नंतरचं?"

काही तासांच्या आत मेडिकल कॉलेजला कळवलं तर ते गाडी पाठवतात, हे मला माहीत होतं. तू सांगितलं होतंस ते लख्ख आठवत होतं. गाडी आणि गुरुजी रद्द करायला दोन फोन लागले असते.

"नाही रे," मी म्हणाले. "आपलं नेहमीसारखंच करू."

"बरं," तो म्हणाला.

हे मी दुःखात बोलले, गोंधळात बोलले, असं कुणी म्हणेल. मी गोंधळलेली नव्हते. माझ्या हातात यादी होती. मला ते टेबल दिसत होतं आणि मला ते सहन होत नव्हतं. तुझ्या अंगाला परक्या पोरांनी हात लावायचा, या कल्पनेचीच मला किळस आली. मला वाटलं, आग स्वच्छ असते.

काय स्वच्छ होतं तिथे, ताई? आत जायची आपली पाळी यायला पाऊण तास, बाहेर दुसऱ्यांची माणसं घड्याळ बघत उभी. तंबाखू चघळत एकाने विचारलं, पेशंटच्या गुडघ्यात काही घातलंय का, धातूचं वगैरे. पेशंट. गुरुजींचा फोन दोनदा वाजला आणि दुसऱ्यांदा त्यांनी तो घेतला, पुढच्या ठिकाणचा पत्ता सांगितला. ओल्या फरशीवर कालची फुलं चिखल होऊन पडली होती, माझ्या साडीला ती लागली. एका परक्या माणसाने तुझ्या हातातली बांगडी निघत नाही म्हणून साबण मागितला. परक्याच्या हातांच्या ज्या किळसेपायी मी तुला तिकडे पाठवलं नाही, ती सगळी इथे होती, आणि इथे तुझ्याकडून कुणी काही शिकतही नव्हतं.

तेराव्यानंतर मी मेडिकल कॉलेजमध्ये गेले. कशासाठी गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. फॉर्म मागितला. टेबलामागे तिशीची एक मुलगी होती, तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. आपल्यासाठी का, असं विचारलं, मी होकारार्थी मान हलवली. तिने न विचारता सांगितलं की पहिल्या दिवशी मुलं आत येतात तेव्हा हात जोडून उभी राहतात, शपथ घेतात, आणि काही मुलं तर रडतात. "त्यांचे हे पहिले शिक्षक असतात, असं आम्ही त्यांना सांगतो," ती म्हणाली. तू तिथे पुन्हा एकदा बाई झाली असतीस. वर्गात पहिल्यांदाच सगळे गप्प असते.

दोन पानांचा फॉर्म आहे. दोन साक्षीदार लागतात. मी तो अजून भरलेला नाही. खोटं कशाला लिहू, ते टेबल अजून माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही आणि त्यावर आता मला माझी पावलं दिसतात.

परवा रविवारी निखिल आणि मी तुझं घर आवरायला बसलो. पुस्तकं खोक्यात, साड्या तीन ढिगांत. दुपारी त्याने चहा केला. मी तेव्हा ठरवलं की आता बोलायचंच. तो मला घरातून काढील, बोलणं टाकील, जे होईल ते होईल. मी म्हणाले की त्या दिवशी तू मला विचारलं होतंस आणि मी खोटं बोलले. आईने देहदान कर म्हणून सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा.

तो पुस्तकांच्या खोक्यावर बसला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, तुझ्या कपाटात काही लिहिलेलं सापडलं.

"नाही. मलाही सांगितलं होतं. कोचीहूनच, बोटीवरून फोन केला होता. मावशी लिहून घेत नाहीये, म्हणून तुला सांगून ठेवते, म्हणाली."

"मग मला का विचारलंस?"

त्याने कप खाली ठेवला.

"तू हो म्हणाली असतीस तर मला करावंच लागलं असतं. एकट्याला ठरवायला नाही जमलं, मावशी. आणि तू नाही म्हणालीस तेव्हा मला... मला बरं वाटलं."

मी त्याला काय बोलणार होते? त्या सकाळी त्याने 'बरं' म्हटलं, आणखी काही विचारलं नाही, तेव्हा मलाही अगदी तेच वाटलं होतं. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

माफी मागत नाही. 'क्षमस्व' लिहिलेल्या उत्तरपत्रिकेला तू कधी अर्धा गुणही दिला नाहीस. फक्त झालं ते सांगते. तुझ्या दोन सर्वांत जवळच्या माणसांना तुझं म्हणणं तोंडपाठ होतं. आम्ही स्वयंपाकघरात उभं राहून एकमेकांची सुटका करत होतो, ताई, आणि तू बाहेरच्या खोलीत पडली होतीस, दोघांनाही स्पष्ट सांगून झालेली.